ऋतूचा गारवा, यंत्राचा गारवा : बार्शीचे पाणी आणि गांजाची शेती

दख्खनच्या शेतीत पाण्याचा हिशोब नेहमी परिमाणातच मांडला गेला. पाऊस किती इंच पडला, विहिरीत किती परस पाणी उरले, मोटेने दिवसभरात किती वाफे भिजले, हे प्रश्न शेतकरी, महसूल अधिकारी आणि पाटबंधारे खाते या सर्वांनी पिढ्यान्‌पिढ्या विचारले. परंतु मुळांशी पोचणारे पाणी किती गार वा किती कोमट आहे, हा प्रश्न कोणी फारसा नोंदवून ठेवला नाही, कारण मातीत वाढणाऱ्या पिकापुरते त्याचे उत्तर माती आणि ऋतू परस्परच देऊन मोकळे होत. झाड मातीतून काढून पाण्यात आणि शेतातून काढून बंद खोलीत नेल्यावर हीच दुर्लक्षित बाब लागवडीचा सर्वांत खर्चिक भाग बनली. हे स्थित्यंतर ज्या एका पिकात टोकाला गेले, ते पीक म्हणजे गांजा. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीसारख्या कोरडवाहू तालुक्याची जमीन, हवा आणि पाणी समोर ठेवून या पिकाचा इतिहास तपासला, तर बंद खोलीतील गांजामागे शेतीची गरज फारशी दिसत नाही. कायद्याचा रेटा मात्र ठळकपणे दिसतो.

बार्शी तालुका सोलापूर जिल्ह्याच्या ईशान्येस, बालाघाटच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. इंग्रजी अमदानीत तो बऱ्याच बाजूंनी निजामाच्या मुलखाने वेढलेला असल्यामुळे बार्शी ही सरहद्दीवरची पेठ झाली. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बांधलेली अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीजवळच्या मुख्य मार्गाला जोडली गेली, पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९११ मध्ये लातूरला पोचली, आणि भगवंताच्या देवळासाठी ओळखले जाणारे हे गाव मराठवाड्याच्या शेतमालाचे महत्त्वाचे केंद्र बनले. या परिसरात मे महिन्यातील दुपारचे कमाल तापमान सरासरीने ४० अंश सेल्सिअसच्या घरात असते, तर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो. वर्षभराची सरासरी काढली तर ती २६ ते २७ अंश भरते. उथळ भूजलाचे तापमान सामान्यतः त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरीजवळ राहते, या नियमाने येथील विहिरीचे पाणीही बारमाही याच पातळीच्या जवळपास असते. म्हणूनच ते उन्हाळ्यात गार आणि थंडीच्या पहाटे कोमट लागते. बदलते ती बाहेरची हवा, पाणी जवळपास तेच असते.

काळ्या मातीचे वर्तन याहून गुंतागुंतीचे आहे. १९३२ मध्ये पुण्यात वेधशाळेचा कृषी हवामान विभाग सुरू झाला आणि त्याचे प्रमुख एल. ए. रामदास यांनी जमिनीच्या तापमानाचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला. उघडी काळी जमीन ऊन शोषून हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते, आणि तिच्यावर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरला तर तिचे तापमान लक्षणीय उतरते, हे रामदास आणि त्यांचे सहकारी द्रविड यांच्या १९३६ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवून दिले. परंतु ही काहिली वरच्या थरापुरतीच असते. खोलीबरोबर दिवस-रात्रीचा चढउतार वेगाने विरतो आणि एक-दीड फुटाखाली तो जवळजवळ नाहीसा होतो. ओल धरून ठेवणारी चिकण काळी माती मुळांना अशा प्रकारे उष्णतेच्या झटक्यांपासून वाचवते. १९३३ पासून सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात ना. वि. कानिटकर यांच्या पुढाकाराने ज्या पद्धती तपासल्या गेल्या, त्यांचा उद्देश ओल टिकवणे हा होता; पण ओल टिकली की जमिनीच्या तापमानातील चढउतारही आपोआप सौम्य होतात.

या जमिनीच्या पट्ट्यात गांजा हे एके काळी कायदेशीर आणि करपात्र पीक होते. भारतातील गांजाच्या वापराविषयी १८९३ च्या मार्चमध्ये ब्रिटिश संसदेत प्रश्न उपस्थित झाला आणि त्याच वर्षी जुलैत भारत सरकारने ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते, आणि सदस्यांमध्ये मुंबई इलाख्यातील जिल्हाधिकारी ओमॅनी व मध्य प्रांतातील आयुक्त फ्रेझर यांच्याबरोबर तीन भारतीयही होते. आयोगाने १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल सादर केला. बंगालमधील नौगाव, मध्य प्रांतातील खांडवा आणि मुंबई इलाख्यातील नगर ही त्या काळातील लागवडीची ठळक केंद्रे होती. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याची सीमा सोलापूर जिल्ह्याला लागूनच आहे आणि दोन्हीकडची काळी जमीन, अवर्षण व विहिरीवरची बागायत एकाच जातीची आहे; त्यामुळे नगरच्या गांजाशेतीचे वर्णन बार्शीच्या रानालाही ओळखीचे वाटावे असेच आहे.

हे पीक विहिरीच्या पाण्यावरचे, खतावलेल्या निवडक रानात घेतले जाणारे बागायती पीक होते. बी पावसाळ्यात पेरले जाई, रोपे ओळीने वाढवली जात, आणि फुलोरा येऊ लागताच नर झाडे ओळखून उपटून टाकली जात, कारण नराचे पराग पडून मादीला बी धरले की तिच्या फुलोऱ्यातील चिकट राळ कमी होते आणि गांजाची प्रत उतरते. बंगालमध्ये नर झाडे ओळखण्यासाठी खास जाणकार असत, त्यांना पोद्दार म्हणत. डेव्हिड प्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९३ च्या अहवालात या पद्धतीचे बारकाईने वर्णन केले आहे. थंडीत पक्व झालेले शेंडे कापून, वाळवून, पायांनी तुडवून चपटे केले जात आणि परवानाधारक घाऊक व्यापाऱ्याकडे जात. तेथून तो माल किरकोळ दुकानांतून बैरागी, गोसावी, मजूर आणि वैद्य अशा वेगवेगळ्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचे.

या वेळापत्रकात तापमानाचे व्यवस्थापन दडलेले होते, जरी त्याला तसे नाव कोणी दिले नव्हते. गांजाचे झाड ‘लघुदिन’ वर्गातले आहे, म्हणजे रात्र लांबू लागली की ते फुलोऱ्यावर येते. दख्खनमध्ये रात्र लांबण्याचा काळ आणि हवा निवण्याचा काळ एकच असल्यामुळे ज्या महिन्यांत झाडाला गारवा लागे, त्याच महिन्यांत तो मिळे. पाणी देण्याची रीतही याला पूरक होती. मोटेचे पाणी थारोळ्यात पडून पाटाने वाफ्यात येई, एका बाऱ्यानंतर दुसरे बारे येईपर्यंत जमीन वाफशावर येई. वाफसा म्हणजे मातीच्या कणांमधील पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असण्याची स्थिती. त्यामुळे मुळांना लागणारा प्राणवायू पाण्यातून नव्हे, तर मातीतल्या हवेतून मिळत असे, आणि पाणी दोन-चार अंशांनी कोमट असले तरी पिकाचे काही बिघडत नसे.

आयोगाने सरसकट बंदीची शिफारस केली नाही. मर्यादित सेवनाने गंभीर अपाय होत नाही, बंदीमुळे लोक अधिक घातक पदार्थांकडे वळतील, आणि म्हणून परवाने, कर, ठरावीक क्षेत्रातच लागवड व बाळगण्यावर मर्यादा यांच्या साहाय्याने नियंत्रण ठेवावे, असा त्याचा निष्कर्ष होता. संस्थानी मुलखांशी नियमांचा मेळ कसा घालावा, हाही आयोगापुढचा एक विषय होता, आणि निजामाच्या सरहद्दीवरच्या बार्शीसारख्या तालुक्यांच्या दृष्टीने तो केवळ कागदोपत्री नव्हता. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याच्या चौकटीत चाललेली ही व्यवस्था विसाव्या शतकात आकसत गेली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि त्याने दारूबरोबर मादक द्रव्यांवरही निर्बंध घातले. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या एकल करारात भारतासारख्या देशांना पारंपरिक वापर बंद करण्यासाठी २५ वर्षांची मुदत मिळाली होती. ती संपण्याआधीच, १४ नोव्हेंबर १९८५ पासून, अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम अमलात आला. या कायद्याने फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, अशी व्याख्या केली. शेंड्यांपासून वेगळी असलेली पाने व बिया तिच्यातून वगळल्या, आणि म्हणूनच भांगेचा प्रश्न राज्यांच्या कायद्यांकडे राहिला. विनापरवाना लागवडीला आज या कायद्याखाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यानंतर महाराष्ट्रात गांजाचे पीक उसाच्या फडात, मक्याच्या वा तुरीच्या ओळींत लपून राहिले आणि छाप्यांच्या बातम्यांपुरते उरले.

दुसरीकडे, मातीविना शेतीचा इतिहास गांजाशी काहीही संबंध नसलेल्या प्रयोगशाळांत घडत होता. इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्ड याने १६९९ मध्ये पुदिन्याची रोपे वेगवेगळ्या पाण्यांत वाढवून पाहिली, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मनीत युलियस झाक्स आणि विल्हेल्म क्नॉप यांनी क्षारांच्या द्रावणात झाडे वाढवली, आणि कॅलिफोर्नियात विल्यम गेरिक याने १९३० च्या दशकात हे तंत्र व्यापारी शेतीसाठी सुचवून ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव रूढ केले. कॅलिफोर्निया विद्यापीठातील होगलंड आणि अर्नन यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेले पोषकद्रावणाचे सूत्र आजही आधारभूत मानले जाते. भारतात शोल्टो डग्लस याने १९४६ नंतर कालिंपाँगला वाळू-खडीत पिके वाढवण्याची स्वस्त पद्धत बसवली, आणि ती बंगाल पद्धत म्हणून ओळखली गेली. हे जवळजवळ सारे काम थंड वा समशीतोष्ण हवेत झाले होते, आणि तेथे द्रावणाच्या तापमानाचा प्रश्न उलटा होता. इंग्लंडच्या काचगृहांत अ‍ॅलन कूपर याने पोषकद्रावणाच्या पातळ प्रवाहाची पद्धत विकसित केली, आणि टोमॅटोच्या मुळांना हिवाळ्यात ऊब मिळावी म्हणून हे द्रावण तापवण्याचे प्रयोग पुढे झाले. पाणी गार करण्याची गरज उष्ण प्रदेशात आणि दिव्याखाली निर्माण झाली.

या गरजेमागचे कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. पाणी जितके तापते, तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. समुद्रसपाटीवर २० अंशांच्या शुद्ध पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो ७.६ मिलिग्रॅमवर येतो, आणि बार्शीच्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने हे आकडे आणखी थोडे उतरतात. याच वेळी मुळांचा श्वसनवेग मात्र वाढतो. ढोबळ मानाने दर १० अंशांना तो दुपटीच्या आसपास जातो. म्हणजे पुरवठा घटतो तेव्हाच मागणी वाढते, आणि वाफशातील हवेचा आधार नसल्यामुळे मुळे गुदमरतात. गुदमरलेल्या मुळांवर पिथियम या बुरशीसदृश सूक्ष्मजीवाचा हल्ला होतो. त्याचे बीजाणू पाण्यात पोहू शकतात, उष्ण द्रावणात त्याच्या काही जाती झपाट्याने फोफावतात, आणि फिरत्या पाण्यातून एका झाडाचा रोग सर्व झाडांना पोचतो. म्हणून पाण्यात वाढणाऱ्या बहुतेक पिकांसाठी द्रावण १८ ते २२ अंशांच्या दरम्यान ठेवण्याचा प्रघात पडला. उष्ण कटिबंधातील याचे गाजलेले उदाहरण सिंगापूरचे आहे. तेथे १९९० च्या दशकात ली सिंग काँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवा तापलेलीच ठेवून केवळ मुळांवर फवारले जाणारे द्रावण गार केले आणि थंड प्रदेशातील लेट्यूस विषुववृत्ताजवळ पिकवून दाखवले. झाडाला हवेपेक्षा मुळाशी गारवा अधिक मोलाचा असू शकतो, हे या कामातून स्पष्ट झाले.

गांजा आणि हायड्रोपोनिक्स हे दोन वेगळे प्रवाह १९८० च्या दशकात एकत्र आले, आणि त्यांना एकत्र आणण्यात पोलिसी कारवाईचा वाटा मोठा होता. कॅलिफोर्नियात १९८३ पासून हेलिकॉप्टरमधून डोंगरातील गांजा शोधून उपटण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा लागवड तळघरांत आणि गोदामांत शिरली. १९८९ मध्ये अमेरिकी केंद्रीय यंत्रणेने हायड्रोपोनिक साहित्य विकणाऱ्या दुकानांवरच कारवाई केली, इतके हे तंत्र तोवर गांजाशी जोडले गेले होते. नेदरलँड्समध्येही याच दशकात घरातल्या लागवडीचे साहित्य विकणारी दुकाने निघाली. नर झाडे काढून बिनबियांचा फुलोरा घेण्याची जी रीत नगर, खांडवा आणि नौगावच्या शेतकऱ्यांना पूर्वापार ठाऊक होती, तीच या खोल्यांत कायम राहिली. सूर्य, ऋतू आणि माती मात्र बदलली.

सूर्याची जागा घेणारा सोडियम बाष्पाचा हजार वॅटचा दिवा जितकी वीज घेतो, तितकी जवळजवळ सारी अखेरीस उष्णता होऊन त्याच खोलीत उरते. ही उष्णता द्रावणाच्या टाकीत उतरते, पंपाच्या मोटारीची तिच्यात भर पडते, आणि टाकी मातीसारखी जमिनीच्या खोल थरांशी जोडलेली नसल्यामुळे तिला निवायला वाव नसतो. म्हणून आधी वातानुकूलन आले आणि नंतर ‘चिलर’, म्हणजे शीतकाच्या फेऱ्याने पाण्यातील उष्णता ओढून बाहेर टाकणारे यंत्र, या लागवडीत नित्याचे झाले. दिवे, वातानुकूलन आणि आर्द्रता नियंत्रण यांचा एकत्र भार किती होतो, याचा अंदाज इव्हान मिल्स या अमेरिकी ऊर्जातज्ज्ञाने २०१२ मध्ये मांडला. त्याच्या हिशोबाने अमेरिकेच्या एकूण विजेपैकी सुमारे १ टक्का वीज बंद खोलीतील गांजावर खर्च होत होती. पुढे एलईडी दिव्यांनी उष्णता काहीशी घटवली, कॅनडाने २०१८ मध्ये आणि थायलंडने २०२२ मध्ये कायदे सैल केले, पण गारवा विकत घेण्याची गरज संपली नाही. मराठी वृत्तपत्रांतील ‘हायड्रो गांजा’ हा शब्द याच इतिहासाची शेवटची कडी आहे. मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांकडे सापडणारा हा माल थंड ठेवलेल्या खोल्यांतला असतो आणि त्याच्या चढ्या किमतीत त्या खोल्यांच्या विजेचा खर्चही धरलेला असतो.

हीच कसोटी बार्शीच्या पाण्याला लावली, तर कोरडवाहू प्रदेशाची अडचण उघड होते. विहिरीचे २६-२७ अंशांचे पाणी मातीतल्या पिकाला चालते, पण द्रावण म्हणून ते सुरुवातीलाच इष्ट मर्यादेच्या चार-पाच अंश वर असते. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधन विहिरींचा प्रसार झाला आणि पाण्याची पातळी जसजशी खोल गेली, तसतसे पाणी थोडे अधिक उष्णही मिळू लागले, कारण भूगर्भाचे तापमान सर्वसाधारणपणे दर १०० मीटरला अडीच-तीन अंशांनी वाढते. ठिबक सिंचनाच्या काळ्या नळ्या उन्हात पडून असतात आणि दुपारी त्यांतले पाणी आणखी तापते. माठ आणि रांजण यांच्यामागचे बाष्पीभवनाचे तत्त्व येथे काही प्रमाणात उपयोगी पडते, पण त्याला मर्यादा आहे. बाष्पीभवनाने पाणी हवेच्या आर्द्र तापमानाखाली, म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक दाखवतो त्या पातळीखाली, जाऊ शकत नाही. ४० अंशांच्या कोरड्या दुपारी, आर्द्रता २० टक्के असताना, ही पातळी २२ अंशांच्या आसपास असते. पावसाळ्यात हवा २८ अंशांवर असली तरी दमटपणामुळे ती २४ अंशांच्या वर चढते. म्हणजे मे महिन्यातील उन्हापेक्षा श्रावणातील दमट हवा पाणी गार करण्यास अधिक अडसर ठरते, आणि त्या काळात यंत्राशिवाय पर्याय उरत नाही.

मातीविना शेतीचे जे रूप या दुष्काळी पट्ट्यात रुजले, ते म्हणूनच वेगळे आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या, आणि त्याच सुमारास शेडनेटखाली ट्रेमध्ये मक्याचे मोड वाढवून आठ-दहा दिवसांत हिरवा चारा काढण्याची पद्धत महाराष्ट्रात पसरली. गोव्यातील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेनेही या चाऱ्यावर काम केले आहे. येथेही उष्णता आणि दमटपणा वाढला की ट्रेमध्ये बुरशी धरते, पण पीक इतक्या कमी मुदतीचे आहे की गोणपाट, सावली आणि तुषारांचा वारंवार शिडकावा एवढ्यावर निभावते. चाऱ्याची किंमत चिलरचा खर्च सोसू शकत नाही, म्हणून त्या पद्धतीने ऋतूशी जुळवून घेण्याचा मार्ग धरला.

या तुलनेतून इतिहासाचा मुख्य धागा हाती लागतो. नगरच्या शेतकऱ्याने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जो गारवा कार्तिक-मार्गशीर्षाच्या रात्रींकडून आणि वाफशाच्या जमिनीकडून फुकट घेतला, तोच गारवा बंद खोलीत दर तासाला वीज जाळून निर्माण करावा लागतो, आणि तो खर्च परवडतो तो प्रामुख्याने बंदीमुळे चढलेल्या किमतीमुळे. धाग्यासाठी घेतल्या जाणाऱ्या, नशेचे द्रव्य अत्यल्प असलेल्या जातींना उत्तराखंडने २०१८ मध्ये परवाने देण्यास सुरुवात केली, तेव्हा ते पीक पुन्हा उघड्या शेतात आले, ही गोष्ट या दृष्टीने महत्त्वाची आहे. महाराष्ट्रात या झाडाविषयी धोरण ठरवण्याची वेळ कधी आलीच, तर आरोग्य आणि गुन्हा यांच्याबरोबर पाणी व वीज यांचाही हिशोब मांडावा लागेल, कारण बार्शीसारख्या तालुक्यात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची आणि शेतीपंपाच्या विजेची टंचाई नेहमीची आहे, आणि तेथे कृत्रिम गारव्यावर उभे राहणारे कोणतेही पीक, कायदेशीर असो वा बेकायदा, याच दोन गोष्टींवर पहिला हक्क सांगणार आहे.